खान्देशातल्या उन्हात इग्वानाला यूव्हीबी ट्यूब कशाला? निवड, जोडणी आणि देखभाल

आमच्या घरात इग्वाना आणला धाकट्या भावाने. तीन महिन्यांत तो शिकायला पुण्याला गेला आणि हा सरडा माझ्या गळ्यात पडला. रंग अगदी भरताच्या हिरव्या वांग्यासारखा, म्हणून नाव पडलं वांग्या. पारोळ्याहून आजी आली तेव्हा दारातूनच तिने विचारलं, "हाई काय शे? घोरपड शे का?" नाही म्हटलं तरी चार दिवस ती त्या खोलीत झोपली नाही.

वांग्याची काचेची पेटी दिवाणखान्यात, पूर्वेच्या खिडकीजवळ होती. वर दुकानदाराने दिलेला निळसर 'यूव्ही' बल्ब. मला वाटायचं, जळगावात राहून कुणाला उन्हाची कमी पडणार? जानेवारीत त्याच्या पुढच्या पायांची बोटं थरथरायला लागली. थंडीने असेल म्हणून मी सोडून दिलं. मग एके दिवशी हनुवटीखाली खाजवताना त्याचा खालचा जबडा माझ्या बोटाखाली दबला. खोडरबर दाबावं तसा. एक्स-रे काढला तर हाडं इतकी पुसट, की पोटातला पालाच जास्त ठळक दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "याला ऊन मिळत नाहीये." मी हसायचीच बाकी होते.

डॉक्टरांचं बरोबर होतं. घरात ऊन येत होतं, पण त्यातलं जे त्याला हवं होतं ते खिडकीच्या काचेबाहेरच राहत होतं. नवीन इग्वाना आणणाऱ्याचा घोळ होतो तो नेमका इथे, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतेय.

१. दिव्याआधी कागद

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्येही येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. पुढे तो कुणाला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवायचं.

हाताशी एवढं ठेवा:

- खरेदीची पावती किंवा देणाऱ्याचं लेखी पत्र
- तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- प्राण्याचे वरून, बाजूने आणि चेहऱ्याचे स्पष्ट फोटो

पावती न देणाऱ्या दुकानातून प्राणी घेऊच नका. घोरपड हा आपल्या शिवारातला वन्यप्राणी आहे, ती अनुसूची १ मध्ये आहे आणि पाळणं गुन्हा आहे. शेजाऱ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. कुणी वनखात्याला फोन केलाच, तर नोंदणीची छापील प्रत दाखवली की पाच मिनिटांत विषय मिटतो. माझी प्रत पेटीच्या मागेच चिकटवलेली आहे.

२. काचेतून येतं ते ऊन नव्हे

उन्हात डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो, ऊब असते आणि न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातल्या साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्याला यूव्हीबी म्हणतात. हे किरण कातडीवर पडले की तिथे ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल बनतो. शरीराच्या उबेने त्याचं डी-३ होतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात. ते असेल तरच आतडं अन्नातलं कॅल्शियम उचलतं. नसेल तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडं पोखरतं. वांग्याच्या जबड्याचं झालं ते हेच.

साधी खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. ऊब येते, उजेड येतो, फरशीवर उन्हाचा कवडसाही पडतो आणि आपण फसतो. पुढे यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, मोजायचं मीटर हातात आलं तेव्हा मी मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर धरून पाहिलं, आकडा ११ च्या वर. तसंच खाली येऊन बंद खिडकीच्या आत उन्हात धरलं, तर ०.१. मधे फक्त एक काच.

मग बाहेरच ठेवावं की, असं कुणीही म्हणेल. ठेवा, जरूर ठेवा, खऱ्या उन्हाची सर कुठल्याच ट्यूबला नाही. पण जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली देऊन आणि तुम्ही शेजारी बसून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसात ते साडेआठ एवढीच वेळ त्याला सोसते, थंडीत साडेदहा-अकराही चालतात. उन्हाळ्यातली माझी साधी खूण अशी: अंगणात उभं राहून आपली सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की त्याला आत घ्यायचं. काचेची पेटी मात्र उन्हात कधीही, दोन मिनिटांसाठीही ठेवू नका. उभ्या गाडीसारखी ती आतून भाजते आणि प्राण्याला पळायला जागा नसते.

मे महिन्यात ४४-४५ अंश, पावसाळ्यात आठवडा आठवडा ढग, आणि आपल्या नोकऱ्या. रोज बाहेर नेणं होत नाही. म्हणून घरात ट्यूब हवीच.

३. कोणता दिवा घ्यायचा

बाजारात 'यूव्ही' नावाखाली काहीही मिळतं. आधी नको ते बाजूला काढू.

निळा किंवा जांभळा 'नाइट' बल्ब नुसता रंग आहे. 'यूव्हीए-यूव्हीबी' असं खोक्यावर छापलेला ५० वॉटचा छोटा हॅलोजन ऊब देतो, यूव्हीबी नाही. माझा पहिला बल्ब याच जातीतला. क्लिपवाले, यूएसबीवर चालणारे स्वस्त एलईडी दिवेही तसेच. डास मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब आणि नखांचं जेल वाळवायचा दिवा यूव्हीए देतात, तो अतिनीलचाच पण वेगळा पट्टा, त्यांचा इथे उपयोग नाही. पाण्याच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा तर मुळीच लावू नका. तो यूव्हीसी असतो, जंतू मारायचा, आणि प्राण्याचे डोळे आणि कातडी जाळतो. एका ओळखीच्याने तो काढून पिंजऱ्यात लावायची तयारी केली होती, "यूव्हीच तर शे ना भो!" म्हणत. फोनवर दहा मिनिटं भांडून थांबवलं.

उरतात चार प्रकार.

टी-५ एचओ ('हाय आउटपुट', म्हणजे जास्त जोराची) ट्यूब: बोटाएवढी बारीक, १६ मिलिमीटर व्यासाची लांब नळी. प्रकाश लांबीभर पसरतो, मार दूरवर जातो, वर्षभर टिकते, उष्णता फारशी नाही. इग्वानासारख्या लांबलचक प्राण्याला हीच घ्या. माझं यात दुमत नाही.

टी-८ ट्यूब: आपल्या जुन्या ट्यूबलाइटच्या जाडीची. चालते, पण जोर कमी, म्हणून प्राण्याच्या खूप जवळ लावावी लागते आणि सहा महिन्यांत बदलावी लागते.

वळणाची सीएफएल: एका जागी झोत पाडते, शेपटीपर्यंत काही पोचत नाही. लहान बेडकाला ठीक असेल, इग्वानाला नाही.

मर्क्युरी व्हेपर बल्ब: ऊब आणि यूव्हीबी एकातच. थंड देशांतले लोक याचं कौतुक करतात. आपल्याकडे गोची अशी, की मेमध्ये खोलीच ३७ अंशांवर असते, तेव्हा १०० वॉटचा हा निखारा लावता येत नाही, आणि तो बंद केला की यूव्हीबीही बंद. खान्देशात उबेचा दिवा आणि यूव्हीबीचा दिवा वेगवेगळाच हवा. माझ्या सगळ्या सल्ल्यातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

ट्यूबवर ५.० किंवा ६% आणि १०.० किंवा १२% असे आकडे असतात. झू मेड कंपनीची 'रेप्टिसन' ५.० आणि १०.० मध्ये मिळते, आर्केडियाची ६% आणि १२% मध्ये. हा आकडा म्हणजे दिव्याच्या उजेडात यूव्हीबीचं प्रमाण किती याचा अंदाज. पिंजरा बुटका असेल आणि फांदी ट्यूबच्या जवळ असेल तर ६%. उंच पिंजरा असेल तर १२%. 'लहान पिल्लू म्हणून कमी टक्क्यांची' हा हिशेब चुकीचा आहे. वाढत्या हाडांना यूव्हीबी जास्तच लागतं, ते अंतरावरून सांभाळायचं.

लांबी पिंजऱ्याच्या निम्म्याहून जास्त घ्या, म्हणजे डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत अंग उजेडात येईल आणि उरलेल्या भागात त्याला सावलीत जाता येईल. टी-५ एचओमध्ये २४ वॉटची ट्यूब ५५ सेंटिमीटर, ३९ वॉटची ८५ आणि ५४ वॉटची ११५ सेंटिमीटर असते. पिल्लाला २४ वॉट पुरते. पण इग्वाना शेपटीसकट पाच-सहा फुटांचा होतो. दोन वर्षांनी मोठा पिंजरा करावाच लागणार आहे, तेव्हा जागा असेल तर सुरुवातीलाच ३९ घ्या.

४. पट्टी आणि चोक: इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं

हा भाग इंटरनेटवर कुणी सांगत नाही आणि आपल्याकडे घोळ इथेच होतो.

५४ वॉटची टी-५ एचओ ट्यूब आणि घरगुती २८ वॉटची टी-५ ट्यूब लांबीला सारखीच असते. तसंच २४ ची १४ शी आणि ३९ ची २१ शी जुळते. पिना त्याच, होल्डर तोच. त्यामुळे गल्लीतला इलेक्ट्रिशियन "बसते ना ताई" म्हणत साध्या पट्टीत बसवून देतो. ट्यूब पेटतेही. पण त्या पट्टीचा चोक निम्म्या ताकदीचा असतो, ट्यूब उपाशी चालते आणि यूव्हीबी कमी पडतं. तुम्हाला मात्र दिवा लागलेला दिसतो. पट्टीच्या चोकवर 'टी-५ एचओ' आणि तुमच्या ट्यूबचेच वॉट छापलेले आहेत का, हे स्वतः वाचून घ्या.

हल्ली दुकानात 'टी-५ पट्टी' मागितली तर बहुतेक वेळा एलईडीची मिळते. तिच्यात ट्यूब बसतच नाही.

बाहेरून मागवलेली पट्टी ११० व्होल्टची असू शकते. आपल्याकडे २३० व्होल्ट. ओळखीच्या एकाने अमेरिकेतल्या मावसभावाकडून अख्खा सेट मागवला, लावला, आणि 'फट्ट' आवाज होऊन खोलीभर जळका वास. नशीब एवढंच की ट्यूब वाचली. व्होल्ट चोकला लागू असतात, ट्यूबला नाही. म्हणून ट्यूब कुठूनही आणा, पट्टी २३० व्होल्टचीच घ्या.

पट्टीला पांढरं प्लॅस्टिकचं झाकण असेल तर काढून टाका, ते यूव्हीबी अडवतं. मागे चकचकीत ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर हवाच. त्याच्याशिवाय वरच्या बाजूचा निम्मा प्रकाश छताला जातो.

जोडणीच्या दिवशी लागणारं सामान: ट्यूब, तिच्याच वॉटची एचओ पट्टी, रिफ्लेक्टर, टायमर, स्पाइक गार्ड, शिवणकामाचा टेप, दोन थर्मामीटर, तारेची जाळी आणि न पुसणारं मार्कर पेन.

५. अंतर: टेप घेऊन बसा

पहिल्यांदा मी अंतर मोजलं ते ट्यूबपासून पिंजऱ्याच्या तळापर्यंत. पण वांग्या तळाला बसतोच कुठे? इग्वाना झाडावरचा प्राणी, त्याला सगळ्यांत उंच फांदी हवी. म्हणून मोजायचं ते ट्यूबपासून त्याच्या पाठीपर्यंत. आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतला, एका टोकाला भावाने ट्यूबशी धरला आणि दुसरं टोक मी वांग्याच्या पाठीवरच्या काट्यांपर्यंत नेलं. त्याने शेपटीचा असा फटका दिला की टेप दोन तास सोफ्याखाली होता. पण आकडा मिळाला, ५५ सेंटिमीटर. बराच लांब. फांदी वर उचलून बांधली.

ढोबळ अंतरं अशी. रिफ्लेक्टर असेल आणि मधे जाळी नसेल, तर १२% च्या टी-५ ला ४० ते ४५ सेंटिमीटर आणि ६% ला २५ ते ३० सेंटिमीटर. यापेक्षा जवळ नको, डोळ्यांना त्रास होतो. फांदीवर त्याच्या पाठीपाशी यूव्ही निर्देशांक ३ ते ४ च्या आसपास हवा आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शून्याकडे उतरत जायला हवा, म्हणजे किती घ्यायचं ते तो ठरवेल.

मधे जाळी आली की गणित बदलतं. आमच्याकडे टी-५ खाली मीटरने ३.६ दाखवलं, आणि मधे बारीक डासांची जाळी धरली तर २.१. म्हणून ट्यूब पिंजऱ्याच्या आत, छताला लावा, पण तिच्याभोवती मोठ्या चौकटीची तारेची जाळी करा, म्हणजे त्याला तिला बिलगता येणार नाही. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या झाकणावर ट्यूब ठेवणं म्हणजे पुन्हा खिडकीचंच झालं.

दिवा नेहमी डोक्यावर हवा, समोर किंवा बाजूला कधीच नको. इग्वानाच्या भुवईचं हाड वरून येणाऱ्या उन्हाला छत्रीसारखं अडवतं, बाजूने येणाऱ्या झोताला अडवू शकत नाही. दिवा लावल्यावर तो डोळे मिटून बसला, पापण्या सुजल्या, तर आधी दिवा बंद करा आणि अंतर तपासा. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा. चित्र दिसत नाही त्याला, पण उजेड-अंधार कळतो. वरून हात नेला की तो दचकतो ते त्यामुळे.

मीटरबद्दल. सोलारमीटर ६.५ या नावाचं यूव्ही निर्देशांक मोजणारं यंत्र सगळे वापरतात. ते महाग आहे. आम्ही जळगाव, भुसावळ आणि धुळ्याचे पाच जणांनी मिळून एक घेतलंय. स्टीलच्या डब्यात कापूस घालून ते एसटीने फिरतं आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी येतं. रंग बदलणारी स्वस्त यूव्ही कार्डं मिळतात, पण ती 'आहे की नाही' एवढंच सांगतात, 'किती' ते नाही.

६. ऊब शेजारीच हवी, पण ऋतू बघून

यूव्हीबी आणि ऊब एकाच जागी हवी. सूर्याखाली त्या वेगळ्या नसतातच. अंग गार असेल तर कातडीतलं ते कच्चं जीवनसत्त्व पुढे सरकत नाही आणि पोटातला पालाही पचत नाही. वरच्या फांदीवर ३४-३५ अंश, बाकी पिंजऱ्यात २६ ते ३०, रात्री २३-२४ च्या खाली नको. एक थर्मामीटर फांदीजवळ, दुसरा तळाशी.

आपल्याकडे हे वर्षभर एका मापाने चालत नाही.

एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत उबेचा बल्ब काढूनच ठेवा. ट्यूब मात्र चालू. थर्मामीटर ३८ च्या वर गेला आणि त्याने तोंड वासलं तर ते ऊन खाणं नव्हे, ते तापणं आहे. खोलीत कूलर लावा. आपला वाळ्याचा कूलर इथे दुहेरी कामाला येतो, कारण याला दमट हवा लागते, ६० ते ७० टक्के, आणि आपला मे म्हणजे नुसती भट्टी. फक्त कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारा, पण पट्टीवर पाणी जाऊ देऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा सिरॅमिकचा, उजेड न देणारा हीटर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) लावून वापरा. लाल बल्ब नको. त्याला रात्र अंधारीच हवी.

७. टायमर आणि लोडशेडिंग

दिवा १२ तास चालू, १२ तास बंद. स्वतः लक्षात ठेवून बटण दाबाल तर लग्नाच्या आठवड्यात विसराल, म्हणून टायमर लावा. फिरत्या चकतीचा साधा टायमर वीज गेली की मागे पडतो आणि महिन्याभरात दिवा रात्री नऊपर्यंत जळायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

वीज दोन दिवस गेली म्हणून हाडं मऊ होत नाहीत, घाबरू नका. खरी चिंता वीज परत येतानाच्या झटक्याची. त्याने दोन चोक उडालेत माझे, म्हणून स्पाइक गार्ड. ट्यूब इन्व्हर्टरवर चालते, पण चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर माझा चोक भुंग्यासारखा घुमतो, त्यावर मी ती चालवत नाही. बिलाचं म्हणाल तर २४ वॉटची ट्यूब रोज १२ तास लावली तर महिन्याला साधारण ९ युनिट, ३९ वॉटची १४ युनिट. उबेचा बल्ब यापेक्षा कितीतरी जास्त खातो.

८. देखभाल

ट्यूब आधी यूव्हीबीने मरते, उजेडाने नंतर. अकराव्या महिन्यात माझ्या ट्यूबचा आकडा ३.६ वरून २.४ वर आला होता, आणि डोळ्यांनी पाहिलं तर नवी असल्यासारखी झळकत होती. म्हणून 'अजून चालू आहे ना' हा निकष इथे कामाचा नाही. टी-५ एचओ १२ महिन्यांनी बदला, टी-८ आणि सीएफएल ६ महिन्यांनी. मीटर असेल तर आकडा ठरवेल, नसेल तर तारीख. बसवल्या दिवशी ट्यूबच्या धातूच्या टोपीवर मार्करने महिना आणि वर्ष लिहा. काचेवर नको. मी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला बदलते. माहेरी सगळे जमलेले असतात, शिडी धरायला कुणीतरी मिळतं.

नवी ट्यूब पहिल्या दिवसांत जरा जास्त जोरात असते. आठवडाभर फांदी दोन बोटं खाली घ्या, मग वर.

दर पंधरा दिवसांनी पुसा. दिवा बंद करायचा, प्लग काढायचा, अर्धा तास थंड होऊ द्यायचा आणि कोरड्या सुती फडक्याने ट्यूब आणि रिफ्लेक्टर दोन्ही पुसायचं. आमच्या घरामागे जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टरवर तलम पांढरी साय धरते, तेव्हा मी आठवड्यालाच पुसते. एकदा पुसण्याआधी आणि नंतर मीटर धरलं होतं. फरक चांगला दिसण्याइतका होता.

९. ताटातलं थोडक्यात

ट्यूब कॅल्शियम बनवत नाही, अन्नातलं उचलायला मदत करते. ताटात ते हवंच. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे, अंडी-मांस देऊ नका. शेवग्याचा पाला हा आपल्याकडचा सोन्यासारखा पर्याय, रोज चालतो. सोबत जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, लाल भोपळा, घेवडा. पालक आणि तांदुळजा क्वचितच, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. केळीचा जिल्हा म्हणून रोज केळं भरवू नका, त्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त. महिन्यातून दोन चकत्या पुरे.

माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका. बहुतेकांत डी-३ असतं आणि ते जास्त झालं तर विष. ट्यूब नीट असेल तर डी-३ नसलेली कॅल्शियमची पूड पुरते.

१०. बिघडतंय हे कसं ओळखायचं

आठवड्यातून एकदा, पकडून नव्हे तर खेळवताना, एवढं बघा. खालचा जबडा नखासारखा टणक आहे का? दोन्ही बाजू सारख्या आहेत का? बोटं किंवा पाय थरथरतात का? चालताना पोट जमिनीवरून उचललं जातं का, की घासतं? मांड्या फुगल्यात का? हे फार फसवं लक्षण आहे, लोक 'काय गुटगुटीत झालाय' म्हणून खूश होतात. शेपटीत किंवा पाठीत नवा वाक आलाय का?

यातलं काहीही दिसलं तर नुसती ट्यूब लावून वाट बघू नका. आपल्याकडचे पशुवैद्य म्हशी-बैलांत मुरलेले, सरड्याला हात लावणारे मोजके. आधी फोन करून 'सरपटणारे प्राणी बघता का' असं सरळ विचारा, नसतील बघत तर पुण्या-मुंबईकडचा नंबर त्यांच्याकडूनच मागा. एक्स-रे मात्र गावातच निघू शकतो, तो काढून व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. नेताना प्राणी कापडी पिशवीत, हवेशीर खोक्यात ठेवा, हाडं ठिसूळ असतील तर त्याला शेपटीने किंवा पायाने धरू नका. आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, अंगावर साल्मोनेला (जुलाब-तापाचे जंतू) असू शकतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच काळजी घ्या.

वांग्याचा जबडा पाच महिन्यांत टणक झाला. मागचा डावा पाय तेवढा वाकडाच राहिला. फांदीवर चढताना तो आधी उजवा टाकतो, मग डावा ओढून घेतो.

११. जुन्या ट्यूबचं काय करायचं

तिच्यात पारा असतो, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. नवीच्या खोक्यात गुंडाळून ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. फुटलीच, तर प्राण्याला आणि मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, पंखा-कूलर बंद करा, खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग हातमोजे घालून पुठ्ठ्याने काचा गोळा करा, झाडूने नाही. बारीक पूड चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. पिंजऱ्यातला पाला आणि पाणी टाकून नवं द्या.